फेला कुटी यांच्यानंतर नायजेरियाच्या संगीतातले राजकारण संपले, असे म्हणता येईल का?

मुक्तछंद यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक सभासद आपल्या आवडीच्या विषयावर तासभर बोलतो. पुढच्या खेपेला माझी पाळी आहे आणि मी नायजेरियातील लोकप्रिय संगीत हा विषय घेतला आहे. मंडळातले श्रोते चोखंदळ आहेत, प्रत्येक विधानामागचा आधार विचारतात. म्हणून टिपण पक्के करण्याआधी येथील जाणकारांपुढे माझी अडचण मांडतो.

सुरुवात गायक-वादक फेला कुटी यांच्यापासून करणार आहे. सैनिक म्हणजे हुकमाबरहुकूम चालणारी मढी, असे सांगणारे त्यांचे 'झॉम्बी' हे गाणे १९७६ साली आले आणि नायजेरियाच्या रस्त्यांवर पोरे खांद्यावर काठ्या घेऊन सैनिकांची नक्कल करू लागली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे हजार सैनिकांनी लागोसमधल्या त्यांच्या घराला वेढा घातला, आतल्या माणसांना बेदम मारले, स्त्रियांवर अत्याचार केले, घर जाळले आणि फेला यांच्या सत्तरी ओलांडलेल्या आईला, म्हणजे फुनमिलायो यांना, खिडकीतून खाली फेकले. त्यातून त्या सावरल्या नाहीत आणि एप्रिल १९७८ मध्ये वारल्या. सरकारी चौकशीने हे कृत्य 'अज्ञात सैनिकांचे' ठरवले. त्यावर फेला यांनी गाणे तर केलेच, शिवाय १९७९ मध्ये आईच्या नावाने शवपेटी नेऊन लष्करी राज्यकर्त्यांच्या निवासस्थानाच्या दारात ठेवली.

या संगीताला त्यांनी 'ॲफ्रोबीट' असे नाव दिले होते. आज जगभर गाजणाऱ्या नायजेरियन संगीताला 'ॲफ्रोबीट्स' म्हणतात. नावात शेवटी एक 'स' वाढला, पण गाण्यांत मात्र मला प्रेम, पैसा, गाड्या आणि नाच यांपलीकडे फारसे काही सापडले नाही. म्हणून टिपणात मी लिहिले, 'फेला यांच्यानंतर नायजेरियन संगीताने राजकारण सोडले.' टिपण तपासणाऱ्या स्नेह्यांनी या एका वाक्याखाली लाल रेघ ओढली आहे. ते वाक्य ठेवावे की काढावे?

दर्यावर्दी यांचा प्रतिसाद:

मी नोकरीनिमित्त २०१६ ते २०२१ या काळात लागोसमध्ये राहिलो. संगीताचा अभ्यासक नाही, पण त्या शहरात राहणाऱ्या माणसाला संगीतापासून दूर राहता येत नाही, कारण पिवळ्या डान्फो गाड्यांतून, जनरेटरच्या घरघरीच्या वरून, केशकर्तनाच्या टपरीतून ते दिवसभर कानांवर पडतच असते. तुमचे वाक्य काढावे असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे थेट राजकीय गाणी थांबलेली नाहीत. २००४ साली ईड्रिस अब्दुलकरीम यांनी 'जागा जागा' हे देशाच्या विस्कटलेल्या अवस्थेवरचे गाणे काढले. ते आकाशवाणीवर वाजवण्यास मनाई झाली आणि राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी गायकावर जाहीर राग काढला. हेच ओबासांजो १९७७ साली, फेला यांचे घर जळाले तेव्हा, लष्करी राज्यप्रमुख होते. एप्रिल २०२५ मध्ये याच ईड्रिस यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला उद्देशून केलेल्या गाण्यावर तिथल्या प्रसारण आयोगाने पुन्हा बंदी घातली. मध्ये एकवीस वर्षे गेली, सत्तेवरचा पक्ष बदलला, पण गाण्याची भीती गेली नाही. मुहम्मदु बुहारी यांच्या बाबतीतही हेच दिसते. १९८४ मध्ये त्यांच्या लष्करी राजवटीत परकीय चलनाच्या आरोपावरून फेला यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि बुहारी यांची सत्ता गेल्यानंतर १९८६ मध्ये ते सुटले. २०२० मध्ये तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष हेच बुहारी होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसांच्या 'सार्स' या दरोडेविरोधी पथकाच्या जुलमाविरुद्ध आंदोलन उभे राहिले. हातात चांगला फोन, डोक्यावर लांब केस किंवा अंगावर गोंदण असले की त्या तरुणाला अडवायचे, पैसे उकळायचे, प्रसंगी नाहीसे करायचे, अशी त्या पथकाची ख्याती होती. मोर्च्याच्या पहिल्या हाका देणाऱ्यांत फाल्झ आणि रनटाउन हे दोन गायक होते. पण रस्त्यावर जे गाणे घोषणा म्हणून गाजले, ते राजकीय हेतूने लिहिलेलेच नव्हते. डेव्हिडो यांचे 'फेम' नावाचे गाणे त्याच सप्टेंबरमध्ये आले होते. योरुबा या तिथल्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'गप्प बस' असा होतो आणि गाण्याचा रोख गायकाच्या वैयक्तिक निंदकांवर आहे. लागोसचे राज्यपाल आंदोलकांशी बोलायला आले (तिथला राज्यपाल निवडून येतो, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा), तेव्हा जमावाने तेच गाणे त्यांच्या तोंडावर म्हटले. हे चित्रण मी त्या दिवसांत किती वेळा पाहिले असेल, याची गणती नाही. तुम्ही शब्द वाचून त्या गाण्याची वर्गवारी केली असती तर 'पैसा आणि तोरा' या खणात टाकले असते.

२० ऑक्टोबरला दुपारी अचानक संचारबंदी जाहीर झाली आणि शहरातली सारी वाहने एकाच वेळी घराकडे निघाली. माझ्या इमारतीचा रखवालदार फाटकाशी बसून हातातल्या फोनकडे बघत होता. मी जवळ गेलो तेव्हा त्याने न बोलता फोन माझ्याकडे वळवला. लागोसमधल्या लेक्कीच्या टोलनाक्यावर अंधार होता, जमिनीवर बसलेले आंदोलक राष्ट्रगीत म्हणत होते, झेंडे हलत होते आणि मग गोळ्यांचे आवाज आले. ते थेट प्रक्षेपण करणारी स्त्री डीजे स्विच या नावाने ओळखली जाणारी संगीतकार होती; पुढे तिला देश सोडून कॅनडात आश्रय घ्यावा लागला. आपले सैनिक तिथे नव्हतेच, असे लष्कराने प्रथम सांगितले. राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये बाहेर आला, त्यात या घटनेला हत्याकांड म्हटले होते. १९७७ च्या 'अज्ञात सैनिकां'चे वाक्य त्या दिवसांत माझ्या कचेरीतल्या पंचविशीतल्या सहकाऱ्यांच्या तोंडी होते. फेला वारले तेव्हा त्यांतले बहुतेक जण दोन-तीन वर्षांचे असतील.

मध्यलय यांचा प्रतिसाद:

दर्यावर्दी यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, पण मुक्तछंद यांना काहीतरी हरवल्यासारखे वाटले, त्यातही तथ्य आहे आणि ते झटकून टाकू नये. मी तबला शिकवतो, म्हणून शब्दांऐवजी घडणीकडे पाहतो.

फेला यांचे एक गाणे बारा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालते. आधी एक गिटार लहानसा बोल धरते, दुसरी त्याच्या फटीत दुसरा बोल बसवते, मग टोनी ॲलन यांचे ड्रम येतात. या माणसाचे दोन हात आणि दोन पाय चार वेगवेगळ्या गोष्टी बोलतात, आणि तरीही सारे एका ठेक्यावर पडते. त्यानंतर पितळी वाद्यांचा ताफा, आणि कितीतरी मिनिटांनी फेला यांचा आवाज. तोपर्यंत श्रोत्याचे अंग ठेक्यात पुरते मुरलेले असते आणि गायक त्याच्याशी चक्क वाद घालू लागतो, प्रश्न विचारतो, कोरसकडून उत्तर घेतो. 'झॉम्बी'मध्ये तर कवायतीचे हुकूमच गाण्यात घातले आहेत. सैनिकांना शब्दांइतकेच हेही झोंबले असणार, कारण त्या हुकमांवर आता लोक नाचत होते. हे सगळे पिजिन, म्हणजे स्थानिक वळणाच्या सोप्या, मिश्र इंग्रजीत आहे. पाचशेच्या वर भाषांच्या देशात बाजारातली हातगाडीवालीही जी समजते, ती भाषा लंडनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात पाश्चात्य संगीत शिकून आलेल्या गायकाने जाणीवपूर्वक निवडली होती. ध्वनिमुद्रित झालेले गाणे ते पुढे मंचावर सहसा गात नसत; श्रोत्यांना पुढचा मुद्दा ऐकवायचा असे.

आजचे गाणे तीन मिनिटांत संपते. या वेळात वाद घालता येत नाही, भाव उभा करता येतो. त्यामुळे युक्तिवाद करणारे लांब गाणे गेले, ही हानी खरीच आहे आणि ती मान्य करावी. तरीही इतिहास सांगण्याची हौस गेलेली नाही. बर्ना बॉय यांच्या २०१९ च्या 'अनदर स्टोरी' या गाण्याच्या सुरुवातीला निवेदन आहे की रॉयल नायजर कंपनीने आपल्या ताब्यातला मुलूख ब्रिटिश सरकारला ८,६५,००० पौंडांना विकला, आणि त्यातून पुढे नायजेरिया उभा राहिला. आपला देश एका व्यापारी कंपनीच्या विक्रीखतातून निघाला, ही गोष्ट नाचाच्या मैफलीत ऐकवणे मला किरकोळ वाटत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा अनुभव असलेल्या तुमच्या श्रोत्यांना तर ती लगेच कळेल. बर्ना बॉय यांचे आजोबा बेन्सन इडोनिजे हे फेला यांचे सुरुवातीचे व्यवस्थापक होते, हेही टिपणात घाला.

नोंदवही यांचा प्रतिसाद:

प्रश्नकर्त्यांनी नावातल्या 'स'चा उल्लेख ओझरता केला आहे. माझ्या मते सगळ्या चर्चेचे मूळ तिथेच आहे, म्हणून त्यावर थांबतो.

'ॲफ्रोबीट' हे नाव फेला यांनी स्वतः घेतले. १९६९ साली त्यांचा वाद्यवृंद अमेरिकेत गेला, लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅक पँथर चळवळीतल्या सँड्रा स्मिथ यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि त्यांच्या गाण्याचा रोख बदलला. पुढे त्यांनी 'रॅन्सम' हे गुलामीचे नाव टाकून 'अनिकुलापो', म्हणजे 'मरणाला बटव्यात बाळगणारा', हे नाव घेतले. नाव घेणे हीच त्यांची राजकीय कृती होती. 'ॲफ्रोबीट्स' हा अनेकवचनी शब्द मात्र २०११ च्या सुमारास लंडनच्या रेडिओवरून रुळला. नायजेरिया आणि घानाची निरनिराळी नवी गाणी एका कार्यक्रमात बसवायला एक पाटी हवी होती. १९८७ मध्ये 'वर्ल्ड म्युझिक' ही पाटीही लंडनमध्येच, ध्वनिमुद्रिका विकणाऱ्यांच्या एका बैठकीत ठरली होती, कारण दुकानातल्या कोणत्या खणात हा माल ठेवायचा, हे दुकानदारांना कळत नव्हते.

या पाटीखाली काय काय झाकले जाते ते पाहा. रमजानात पहाटे लोकांना उठवण्यासाठी योरुबा मुसलमान जी 'वेरे' गाणी गात, त्यांतून सिकिरू आयिंडे बॅरिस्टर यांनी 'फुजी' हा प्रकार घडवला. आज असाके यांच्या गाण्यांत तुम्हाला समूहस्वरांचा जो उसळता भाग ऐकू येतो, त्यात फुजीचा वारसा आहे. बाहेरच्या श्रोत्याला तो केवळ 'ॲफ्रोबीट्स' म्हणून पोचतो.

दक्षिण आफ्रिकेला तर ही पाटी उघड टोचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमीने आफ्रिकी संगीताच्या सादरीकरणाचा नवा पुरस्कार पहिल्यांदा दिला. नामांकनांत चार गाणी नायजेरियन गायकांची होती आणि पुरस्कार टायला या दक्षिण आफ्रिकी गायिकेला मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिला एमटीव्हीचा 'सर्वोत्कृष्ट ॲफ्रोबीट्स' पुरस्कार मिळाला, तेव्हा तिने मंचावरूनच सांगितले की आफ्रिकी संगीत म्हणजे केवळ ॲफ्रोबीट्स नव्हे, आपण दक्षिण आफ्रिकेच्या आहोत आणि अमापियानोचे प्रतिनिधित्व करतो. अमापियानो हे जोहान्सबर्ग-प्रिटोरियाच्या आसपासच्या कृष्णवर्णीय वसाहतींत घडलेले संगीत आहे. मंद चाल, सळसळणारा शेकर आणि पोटात घुमणारा 'लॉग ड्रम' ही त्याची खूण. पुरस्कार हातात घेऊन त्याचे नाव दुरुस्त करणे, हे सांस्कृतिक राजकारणाचे मला माहीत असलेले फार स्पष्ट उदाहरण आहे. याच टायला स्वतःला 'कलर्ड' म्हणतात म्हणून अमेरिकी श्रोते खवळले होते. अमेरिकेत तो शब्द अपमानाचा आहे. दक्षिण आफ्रिकेत तो १९५० च्या वर्णनोंदणी कायद्याने लोकांवर लादलेला, आणि पुढे एका समाजाने आपला मानलेला शब्द आहे. आपल्या इतिहासाची भाषा दुसऱ्या देशाच्या इतिहासाप्रमाणे बदला, अशी मागणी त्या मुलीकडे जगभरातून होत होती, याचा मला मनापासून राग आला होता.

आणि हे भांडण नेहमी पाश्चात्यांशीच असते असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत परदेशी आफ्रिकी लोकांवर हल्ले झाले, तेव्हा टिवा सॅव्हेज या नायजेरियन गायिकेने जोहान्सबर्गचा कार्यक्रम रद्द केला आणि बर्ना बॉय यांनीही तिथे पाऊल ठेवायला नकार दिला.

उंबरठा यांचा प्रतिसाद:

सर्वांचे प्रतिसाद आवडले, पण फेला यांना मापदंड मानताना एक गोष्ट सुटते आहे.

फेला यांच्या आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी या केवळ खिडकीतून फेकल्या गेलेल्या वृद्धा नव्हत्या. १९४० च्या दशकात अबेओकुटा शहरात त्यांनी हजारो बाजारकरणींची संघटना बांधली आणि बायकांवर लादलेल्या कराविरुद्ध लढा दिला. त्या बायका राजवाड्यासमोर बसून राजाची अब्रू काढणारी गाणी म्हणत. अखेर जानेवारी १९४९ मध्ये राजाला गादी सोडावी लागली. सत्ताधाऱ्याच्या दारात जाऊन त्याला गाण्यातून हिणवायचे, हे फेला घरातच पाहत मोठे झाले. शवपेटी नेऊन ठेवण्याच्या कृतीत मला तरी आईचीच रीत दिसते.

आणि याच मुलाने १९७२ मध्ये 'लेडी' या गाण्यात बरोबरी मागणाऱ्या शिकलेल्या आफ्रिकी स्त्रीची टर उडवली, आणि १९७८ मध्ये एकाच समारंभात सत्तावीस स्त्रियांशी लग्न लावले. सैनिकांनी ज्यांच्यावर अत्याचार केले आणि नंतर समाजाने ज्यांना वाईट चालीच्या ठरवले, त्यांना पत्नीचा मान देण्यासाठी हे केले, असे समर्थन केले जाते. ते समर्थन मला अर्धेच पटते. त्या बायका गात होत्या, नाचत होत्या, रंगमंचाचा निम्मा भार त्यांच्यावर होता, आणि तरीही गाण्यांवर नाव एकाचेच राहिले. 'तेव्हा राजकारण होते, आता नाही' असे म्हणणाऱ्याने तेव्हाच्या राजकारणात या स्त्रियांची जागा काय होती, ते आधी सांगावे. आज टेम्स ही गायिका स्वतः गाणी लिहिते, स्वतः संगीतसंयोजन करते आणि तिच्या गाण्याचा ताबा तिच्याकडे असतो. तिच्या गाण्यात सरकारचा उल्लेख नसेल, पण एका नायजेरियन तरुणीच्या हाती हा ताबा येणे ही बिनराजकीय गोष्ट आहे, असे मी तरी म्हणणार नाही. २०२० च्या आंदोलनात पैसे उभे करून वकील, अन्न आणि औषधे पोचवण्याचे काम ज्या गटाने केले, तोही तरुण स्त्रियांचाच होता.

मुक्तछंद यांचे उत्तर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. ते वाक्य मी काढले आहे. गाण्याचे शब्द कागदावर उतरवून त्यांत राजकारण शोधत बसलो, ही माझी चूक झाली. गाणे कोठे वाजले, कोणाच्या तोंडावर म्हटले गेले आणि त्याचे नाव कोणी ठेवले, हे मी पाहिलेच नव्हते. आता अबेओकुटाच्या बाजारकरणींपासून सुरुवात करून लेक्कीच्या टोलनाक्यापर्यंत यावे असा विचार आहे.

एकच शंका उरते. रेमा या नायजेरियन गायकाचे 'काम डाउन' आपल्याकडे लग्नाच्या वरातीत वाजते आणि २०२३ मध्ये ते मुंबईत कार्यक्रमही करून गेले. म्हणजे हे संगीत आता जगाचे झाले. मग ते लागोसच्या सामान्य माणसाचे उरले आहे का?

दर्यावर्दी यांचा प्रतिसाद:

तुमच्या शंकेत पैशाचा प्रश्न दडलेला आहे. नायजेरियातला श्रोता ॲपवर गाणे ऐकतो तेव्हा गायकाला मिळणारी रक्कम फार थोडी असते, कारण तिथली वर्गणी स्वस्त आहे आणि नायरा या तिथल्या चलनाची किंमत घसरत गेली आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कमधला श्रोता कितीतरी जास्त मिळवून देतो. त्यामुळे गायकाचे लक्ष साहजिकच तिकडे वळते. जून २०२३ मध्ये बर्ना बॉय यांनी लंडनचे ऑलिंपिक मैदान भरवले; त्याच काळात माझे जुने सहकारी सांगत होते की लागोसमधल्या डिसेंबरच्या मैफलींची तिकिटे त्यांना परवडत नाहीत. तो महिना परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या नायजेरियनांचा असतो आणि दर त्यांच्या खिशाला बघून ठरतात. फेला ज्यांच्यासाठी गात, तो माणूस आज आपल्याच शहरातल्या मैफलीच्या फाटकाबाहेर उभा असतो.

तरीही इकेजा भागातल्या 'न्यू आफ्रिका श्राइन'बद्दल सांगतो. फेला यांच्या मुलांनी, येनी आणि फेमी यांनी, ही जागा २००० साली उघडली. मोठी पत्र्याची शेड, वर फिरणारे पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दारात कोळशावर भाजल्या जाणाऱ्या 'सुया' नावाच्या मसालेदार मांसाचा धूर. मी जायचो तेव्हा गुरुवारी फेमी यांची तालीम असे आणि ती ऐकायला पैसे पडत नसत. तिथे एकदा माझ्या शेजारी एक बसवाहक बसला होता, दिवसभराच्या नोटांची चळत मांडीवर घेऊन तो त्या मोजत होता. ट्रम्पेटवाल्यांकडून एक जागा चुकली तसे फेमी यांनी वाद्यवृंद थांबवला आणि तोच तुकडा त्यांना पुन्हा पुन्हा वाजवायला लावला. चौथ्या खेपेला तो जमला तेव्हा त्या वाहकाने नोटा तशाच मुठीत धरून मोठ्याने दाद दिली आणि मग मोजणी पहिल्यापासून सुरू केली.